घराच्या भिंतींतील ओल : कारणे, परीक्षा व उपाय

महाराष्ट्रात, विशेषतः सह्याद्रीच्या पश्चिमेस, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घर स्वच्छ ठेवणे म्हणजे मुख्यतः ओलीशी झुंज देणे होय. केर काढता येतो, जळमटे झाडता येतात, भांडी घासता येतात. परंतु भिंतीवर उमटलेला काळपट डाग, कपाटातील कपड्यांना येणारा कुबट वास आणि जोत्यालगत सुटलेले पोपडे यांपुढे केरसुणीचे काही चालत नाही. म्हणून गृहस्थ दिवाळीची वाट पाहतो, पोपडे खरवडून त्यांवर नवा रंग देतो आणि पुढील श्रावणात तोच डाग त्याच ठिकाणी पुन्हा पाहतो. अशा वेळी रंगाला किंवा रंगाऱ्याला दोष देण्याची प्रथा आहे. वस्तुतः डाग भिंतीवर दिसत असला तरी प्रश्न पाण्याच्या वाटेचा असतो. पाणी कोणत्या वाटेने आले हे निश्चित केल्यावाचून योजलेला उपाय बहुधा निष्फळ ठरतो आणि कित्येकदा अपायकारकही होतो. प्रस्तुत लेखात या वाटा कोणत्या, त्या घरच्या घरी कशा ओळखाव्या आणि त्यांवर उपाय कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार करावयाचा आहे.

ओलीची उपेक्षा का करू नये

ओल ही केवळ शोभेची हानी नव्हे. तिच्यापासून तीन प्रकारचे धोके संभवतात. पहिला आरोग्याचा. ओलसर पृष्ठभागावर बुरशी वाढते व तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर वा बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनविकारांची लक्षणे, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याची तीव्रता वाढणे यांचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष तीत नोंदविला आहे. लहान मुले व वृद्ध माणसे दिवसाचा बराच काळ घरातच काढतात, म्हणून त्यांना याची झळ अधिक पोहोचते.

दुसरा धोका विजेचा. कोरडी भिंत विजेची मंदवाहक असते. ओली व क्षारयुक्त भिंत तशी राहत नाही. भिंतीत गाडलेल्या तारेचे आवरण जीर्ण झाले असेल तर ओल्या गिलाव्यातून प्रवाह गळतो आणि बटणाला वा नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. पुष्कळ घरांत बसविलेली एम. सी. बी. ही कळ अतिप्रवाह झाला तरच तुटते. माणसाचा प्राण घेण्यास पुरेशी असलेली अल्प गळती तिला जाणवत नाही. त्यासाठी आर. सी. सी. बी. नावाचे निराळे साधन असते. घरगुती उपयोगाचे साधन ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे असावे. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती ओल वाळण्याची वाट न पाहता मुख्य कळ बंद करून जाणत्या तंत्रज्ञास बोलाविणे, हाच एक मार्ग आहे.

तिसरा धोका इमारतीचा. सिमेंट काँक्रीट ताजे असताना तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे त्यातील लोखंडी सळ्या गंजत नाहीत. कालांतराने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरून ही अल्कता कमी करतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइडेही सळईचे संरक्षण नष्ट करतात. मग पाणी पोहोचले की सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे सभोवारचे काँक्रीट फुटते. न्हाणीघराखालच्या छतातून खपल्या पडू लागतात, त्याचे कारण हेच. तेथे केवळ गिलावा करून वरून चुना फासणे म्हणजे लक्षण झाकून रोग वाढू देणे होय.

भिंत पाणी कसे शोषते

वीट, जांभा दगड, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा हे सर्व सच्छिद्र पदार्थ आहेत. समईच्या वातीतून तेल वर चढते, त्याच नियमाने या पदार्थांच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. या क्रियेस केशाकर्षण असे म्हणतात. छिद्र जितके अरुंद तितके पाणी अधिक उंच जाते. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी तत्त्वतः सुमारे दीड मीटर चढू शकते. त्रिज्या दुप्पट केली की ही उंची निम्मी होते.

प्रत्यक्ष भिंतीत मात्र ओल किती उंच जाईल, हे दोन क्रियांच्या तोलावर ठरते. खालून पाण्याचा पुरवठा होत असतो आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी ते वाफ होऊन बाहेर पडत असते. जेथे पुरवठा व बाष्पीभवन समसमान होतात, तेथे ओलीची रेषा थांबते. या एका गोष्टीवरून बराच उलगडा होतो. भिंतीच्या खालच्या भागाला तैलरंग दिला, चकचकीत फरश्या बसविल्या किंवा घट्ट सिमेंटचा गिलावा केला, तर बाष्पीभवनाची जागा कमी होते. पाणी मात्र येतच राहते. साहजिकच ओल त्या आवरणाच्या वर डोके काढते. चार फुटांपर्यंत फरश्या बसविल्यानंतर पूर्वी दोन फुटांवर असलेली ओल साडेचार फुटांवर दिसू लागली, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

जुन्या घरांच्या जमिनीबाबतही असेच घडते. मातीची सारवलेली जमीन खालची ओल थोडीथोडी वर सोडीत असे. तिच्या जागी घट्ट बसविलेली फरशी आली म्हणजे तो ओलावा कडेच्या भिंतींकडे वळतो. सारवलेली जमीन पुन्हा आणावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एक वाट बंद केली की पाणी दुसरी वाट शोधते, एवढे ध्यानात ठेवावे.

लोणा

जमिनीतून वर येणारे पाणी शुद्ध नसते. त्यात जमिनीतील व विटांतील क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागापाशी मागे राहतात. भिंतीच्या पायथ्याशी दिसणारी ही पांढरी, भुरभुरीत पूड म्हणजेच लोणा. क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढताना आजूबाजूच्या पदार्थावर दाब देतात; त्यामुळे गिलावा फुगतो, विटेचा भुगा होऊ लागतो.

लोण्याचा दुसरा गुण अधिक त्रासदायक आहे. यातील काही क्षार हवेतील बाष्प ओढून घेतात. साधे मीठ घेतले तरी हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाझरू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. क्षार मुरलेला गिलावा अगदी तसाच वागतो. जमिनीतील पाणी पूर्ण अडविले तरी तो दर पावसाळ्यात हवेतील बाष्पाने ओला होतो. म्हणून लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत पूर्ण काढून टाकणे आवश्यक असते. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करावा; पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा आत जातो.

पाण्याच्या चार वाटा

घरात ओल येण्याच्या मुख्य वाटा चार आहेत आणि प्रत्येकीची खूण निराळी आहे.

पहिली वाट जमिनीची. हिची ओल तळमजल्यावरच आढळते. ती भिंतीच्या पायथ्यापासून सुरू होऊन बहुधा मीटरभर उंचीपर्यंत आडव्या पट्ट्यासारखी पसरते आणि वरच्या कडेला लोणा दिसतो. जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर नसणे किंवा अंगणातील माती, फरसबंदी वा फुलझाडांचा वाफा या थराच्या वर येणे, ही तिची नेहमीची कारणे होत.

दुसरी वाट पावसाची. कोकणात पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येतात. म्हणून झड दक्षिण व पश्चिम अंगांच्या भिंतींवर बसते. खिडकीच्या चौकटीभोवती, भेगांच्या रेषेत आणि गच्चीच्या कठड्याखाली उमटणारे, मोठ्या सरीनंतर एकदोन दिवसांत गडद होणारे आणि उघडीप मिळताच फिके पडणारे डाग या वाटेचे असतात.

तिसरी वाट नळांची व मोरीची. हिला ऋतू नसतो. वैशाखातही जो डाग वाळत नाही, त्याच्या मागे बहुधा गळका नळ, फुटलेला सांधा किंवा न्हाणीघराची झिरपणारी जमीन असते.

चौथी वाट हवेची. ही सर्वांत कमी ओळखली जाते, म्हणून तिचे थोडे अधिक विवेचन करणे योग्य होईल.

हवेतून येणारे पाणी

हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचे प्रमाण तिच्या तपमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम, तर २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. समजा, जूनच्या आरंभी बाहेरची हवा ३० अंशांवर असून तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. म्हणजे तिच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम बाष्प आहे. ही हवा २५ अंशांच्या थंड फरशीला लागली की तेवढे बाष्प तिच्यात मावत नाही. जादा बाष्प पाणी होऊन फरशीवर उतरते. जाड दगडी भिंतींच्या घरात पहिल्या पावसाच्या सुमारास फरशीला 'घाम फुटतो', तो असा. त्यावेळी जमिनीखालून पाणी आले असे समजून फरशी उखडणे व्यर्थ होय. शेजारच्या खोलीत वातानुकूलन यंत्र चालू असेल तर मधल्या भिंतीच्या दमट अंगालाही हाच अनुभव येतो.

याखेरीज घरातील माणसेही हवेत बाष्पाची भर घालतात. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा असते. वरील स्थितीत ती संपृक्त होण्यास केवळ सव्वादोनशे ग्रॅम पाणी पुरे. हाताने पिळलेले कपडे त्या खोलीत वलणीवर वाळत घातले तर रात्रभरात लिटरभर पाणी सहज हवेत जाते. दारे-खिडक्या बंद असतील तर ते पाणी खोलीतील सर्वांत थंड जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यांत आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे उतरते. स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब याहून नवलाचा आहे. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळलेले असते. भातवरणाची वाफ त्याहून वेगळी.

हवेतून आलेल्या ओलीला लोणा नसतो. ती कोपऱ्यांत, छताच्या कडेला व सामानामागे दिसते आणि तिच्यावर काळी किंवा हिरवट बुरशी ठिपक्याठिपक्यांनी उगवते.

घरच्या घरी परीक्षा

वरील खुणांनी निर्णय होत नसेल तर तीन सोप्या परीक्षा कोणासही करता येतील. डागावर वीतभर लांबरुंद ॲल्युमिनियमचा पातळ कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावे. खोलीकडील बाजू दमट असेल तर पाणी हवेतले, भिंतीकडील बाजू दमट असेल तर पाणी भिंतीतले. दुसरी परीक्षा शिसपेन्सिलीची : डागाच्या कडेने रेषा ओढून तिच्यावर दिनांक लिहावा. पाऊस, उघडीप व उन्हाळा यांत डाग रेषेबाहेर जातो की आत येतो, याची नोंद ठेवली म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. तिसरी परीक्षा नळाची : रात्री सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मापकाचा आकडा टिपावा आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर गळती मापकाच्या अलीकडे, घरातच कोठेतरी आहे. सांडपाण्याची गळती मात्र या परीक्षेने कळणार नाही. तिच्यासाठी वरच्या मोरीत रंगीत पाणी ओतून खालचा डाग रंगतो का, हे पाहावे लागते.

उपायांचा क्रम

उपायांचा क्रम ठरलेला आहे : प्रथम पाण्याची वाट बंद करणे, नंतर भिंत वाळू देणे, मग खराब गिलावा काढून नवा करणे आणि सर्वांत शेवटी रंग. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलट्या टोकापासून सुरू होतो.

जमिनीच्या ओलीसाठी भिंतीलगतची माती जोत्याच्या माथ्यापेक्षा वीतभर तरी खाली न्यावी, अंगणाचा उतार घरापासून दूर असावा आणि पागोळ्यांचे पाणी पन्हळीने लांब सोडावे. एवढ्याने पुष्कळदा ओलीची रेषा खाली येते. पावसाच्या ओलीसाठी भेगा व दगडांच्या दरजा भराव्या, छज्जाच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक अरुंद खाच ठेवावी. म्हणजे पाणी तळाने भिंतीकडे न वाहता खाचेपाशी गळून पडते. कोकणातील जुन्या घरांची उंच जोती, भिंतीच्या बरेच बाहेर आलेली कौलारू छपरे, भोवतालच्या पडव्या आणि पावसाच्या अंगाला बांधावयाचे झापे या सर्वांचा हेतू भिंतीवर पाणी येऊच न देणे हा होता. त्यामुळेच जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाच्या भिंती तेथे टिकून राहिल्या. वर्षानुवर्षे आगोटीपूर्वी होणारी छपराची शाकारणी हा याच योजनेचा भाग होय.

जुन्या विटा-चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला नवा गिलावा करताना चुन्याचा विचार अवश्य करावा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन चुनकळी उरते. ती पाण्यात विरविली की विरलेला चुना होतो आणि भिंतीवर लावल्यावर तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा शोषून कठीण बनतो. असा गिलावा पाण्याची वाफ जाऊ देतो, भिंतीच्या हालचालीबरोबर थोडासा हलतो आणि ताजा असताना त्याच्या तीव्र अल्कतेमुळे बुरशीला थारा मिळत नाही. वार्षिक चुन्याच्या सफेदीत शोभेइतकाच आरोग्याचाही हिशेब होता तो असा. मऊ विटांच्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा थर चढविला तर पाणी मागे कोंडते आणि थर तसाच राहून आतली वीट मात्र झिजते.

हवेच्या ओलीवर भिंतीचा उपाय चालत नाही. तेथे सवयी बदलाव्या लागतात. कपडे पडवीत किंवा सज्जात वाळवावे. ते शक्य नसेल तर एकाच खोलीत, आतले दार बंद व खिडकी उघडी ठेवून वाळवावे. पावसाळ्यात बाहेरची हवा दमटच असते, मग खिडकी उघडून काय साधणार, अशी शंका येईल. परंतु कपडे व चूल असलेल्या उबदार खोलीतील हवेत बाहेरच्या गार हवेपेक्षा बहुधा अधिक बाष्प असते. ते बाहेर गेल्याने लाभच होतो. याउलट थंड फरशीला घाम फुटण्याच्या दिवसांत दुपारची उष्ण दमट हवा आत घेणे टाळावे. स्वयंपाकघरातील वाफ बाहेर टाकणारा पंखा चुलीच्या जवळ व उंच असावा. भांड्यांवर झाकण ठेवावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावी.

आलेली बुरशी कोरड्या कुंच्याने झाडू नये, कारण त्यामुळे बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला मुखपट्टी बांधून ती साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, फडके टाकून द्यावे व जागा पूर्ण कोरडी करावी. काहीजण विरंजक द्रव वापरतात. तो वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि शौचकूप धुण्याचे आम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव त्यात कधीही मिसळू नये. आम्लाशी संयोग होऊन त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि अमोनियाशी संयोग होऊन तितकेच विषारी क्लोरामाइन वायू निघतात. लहानशा न्हाणीघरात हा अपघात जिवावर बेतू शकतो.

वेळेची निवड

शेवटचा मुद्दा कालाचा आहे. जाड भिंत वाळावयास आठवडे नव्हे, महिने लागतात. आश्विनात पाऊस नुकताच उघडलेला असतो. भिंतीचा वरचा पापुद्रा कोरडा दिसला तरी अंतर्भाग ओलाच असतो. अशा भिंतीवर दिवाळीसाठी तैलरंगाचा किंवा प्लॅस्टिकयुक्त रंगाचा थर देणे म्हणजे ते पाणी आत कोंडणे होय. सणासाठी रंग हवाच असेल तर संशयित भिंतीला त्यावेळी चुन्याची सफेदी द्यावी. ती वाफ अडवीत नाही. गिलाव्याचे व टिकाऊ रंगाचे काम फाल्गुन ते वैशाख या काळासाठी राखून ठेवावे, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतीवर पेन्सिलीची रेषा ओढून निरीक्षणास द्यावे. हे निरीक्षण हाती असेल तर गवंड्याला काय सांगावयाचे हे गृहस्थास आधीच ठाऊक असेल आणि गवंड्यालाही अंदाजाने भिंत फोडावी लागणार नाही.